भेटीची वेळ : रविवारी दोन ते चार

1949 साली लंडनमधल्या नामांकित रुग्णालयांत आजारी मुलांना भेटण्याच्या वेळा काय आहेत, याची एक यादी ‘स्पेक्टेटर’ या साप्ताहिकात छापून आली. गाइज हॉस्पिटल : रविवारी दोन ते चार. सेंट थॉमस : पहिला महिनाभर भेट नाही; संध्याकाळी सात ते आठ या वेळात झोपलेलं मूल पाहता येईल. वेस्ट लंडन हॉस्पिटल : भेट नाही. लंडन हॉस्पिटल : तीन वर्षांखालच्या मुलांना भेट नाही, पार्टिशनच्या पलीकडून आईवडिलांनी बघायला हरकत नाही.

हे सारं कैद्यांबद्दल नव्हे, टॉन्सिल काढायला, हर्निया शिवायला किंवा मोडलेला पाय बसवायला आणलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांबद्दल होतं. क्षयाच्या मुलांचा मुक्काम तर महिनोन्महिने चाले. आईनं मूल दारात सिस्टरच्या हाती द्यायचं, त्याचे कपडे पिशवीत भरून घरी न्यायचे आणि रविवारची वाट बघायची.

हे नियम करणारी माणसं निर्दय नव्हती. घटसर्प, गोवर, लोहितज्वर यांनी वॉर्डच्या वॉर्ड साफ होण्याचे दिवस त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पेनिसिलिन हाती येण्याआधी बाहेरून आलेला प्रत्येक माणूस म्हणजे संभाव्य साथ, आणि आईबाप म्हणजे बाहेरचेच. दुसरं कारण सिस्टरांच्या रोजच्या अनुभवातलं होतं. आई येऊन गेली की मूल तासन्‌तास आक्रोश करतं. आई आलीच नाही, तर तीन-चार दिवसांत ते शांत होतं, खातं, कुणाच्याही कडेवर जातं. म्हणजे ते रुळलं. मग भेटीला येऊन त्याची घडी मोडायची कशाला? हा तर्क इतका सरळ वाटत होता की पाऊणशे वर्षांत तो तपासून पाहण्याची गरज फारच थोड्यांना वाटली.

खरं तर विलायतेत याच्या उलट शहाणपण आधीपासून होतं. जॉर्ज आर्मस्ट्राँग या डॉक्टरांनी 1769 मध्ये लंडनला गरिबांच्या मुलांसाठी दवाखाना काढला, तेव्हा मुलांना दाखल करून घ्यायला त्यांनी ठाम नकार दिला होता. आजारी लेकराला आईपासून तोडलंत तर त्याचं काळीज तिथल्या तिथे फुटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलं आईबरोबर येत, तपासून घेत आणि औषध घेऊन घरी जात. पुढे 1852 मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर फक्त 10 खाटांचं मुलांचं रुग्णालय सुरू झालं. अशी रुग्णालयं वाढत गेली तशी मुलांची शुश्रूषा हे शिकलेल्या परिचारिकेचं काम ठरलं आणि आई मागे सरकत सरकत फाटकापर्यंत गेली.

तिला परत आत आणणारे पहिले लोक मोठ्या राजधान्यांतले नव्हते. उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात जेम्स स्पेन्स यांनी 1920 च्या दशकातच बेबीज हॉस्पिटलमध्ये आईला बाळाबरोबर राहायला खोली दिली. बाळाचं सगळं आईच करी, सिस्टर तिला शिकवी. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला हेन्री आणि सेसिली पिकरिल हे प्लॅस्टिक सर्जन दांपत्य दुभंगलेल्या ओठांची आणि टाळूची बाळं शिवत असे. अशा शस्त्रक्रियेत एक साधा संसर्ग पुरतो, टाके उसवतात आणि सगळं काम वाया जातं. पिकरिलांनी पाहिलं की जंतू बाहेरून कमी येतात. एका पाळण्यावरून दुसऱ्या पाळण्याकडे जाणाऱ्या हातांवरून ते जास्त येतात. म्हणून 1940 च्या दशकात त्यांनी आपल्या छोट्या रुग्णालयात एक नियम केला : बाळाला फक्त त्याची आई हात लावेल. तिच्या अंगावरच्या जंतूंची बाळाला आधीच सवय असते. वॉर्डातला संसर्ग जवळपास नाहीसा झाला, आणि त्यांनी ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ज्या कारणासाठी आईला बाहेर ठेवलं होतं, नेमक्या त्याच कारणासाठी ती आत हवी होती. तरीही लंडनच्या वेळापत्रकांत फरक पडला नाही.

तो फरक पाडायला एक बॉयलरवाला पुढे यावा लागला.

जेम्स रॉबर्टसन ग्लासगोजवळच्या कष्टकरी वस्तीत वाढलेले. दुसऱ्या महायुद्धात हत्यार उचलायला त्यांनी नकार दिला. त्या काळात मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली होती. रॉबर्टसन तिथे बॉयलर सांभाळत आणि पडेल ते काम करत. ॲना फ्रॉइड यांची एक शिस्त होती : इथे काम करणाऱ्या प्रत्येकानं मुलं काय करतात, काय बोलतात हे कार्डावर टिपून ठेवायचं. बॉयलरवाल्यानंही. रॉबर्टसन यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ त्या कार्डांत आहे, असं मला वाटतं. मत बनवण्याआधी बघायचं आणि बघितलेलं लगेच लिहायचं, ही सवय त्यांना तिथे लागली.

1948 मध्ये ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांच्याकडे आले आणि सेंट्रल मिडलसेक्स हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात जाऊन बसू लागले. सिस्टरांना ‘रुळलेलं’ मूल दिसत होतं. रॉबर्टसन यांना त्याआधीच्या पायऱ्या दिसल्या. पहिले काही दिवस मूल रडतं, दाराकडे धावतं, गजांना धरून हलवतं, हा निषेध. मग आवाज खाली येतो, खेळण्याकडे लक्ष नसतं, डोळे शून्यात, ही हताशा. आणि शेवटी ते हसू-खेळू लागतं, येईल त्याच्याकडे जातं. पण आई आली की तिच्याकडे बघतसुद्धा नाही. वॉर्ड जिला यश समजत होता ती ही तिसरी पायरी. मूल आईशी असलेलं नातं सोडून देत होतं, आणि तक्त्यावर ‘प्रकृती समाधानकारक’ लिहिलं जात होतं.

रॉबर्टसन यांनी हे डॉक्टरांना सांगून पाहिलं. कुणी ऐकेना. तेव्हा त्यांनी ठरवलं की दाखवायचं. 150 पौंडांच्या मदतीवर 16 मिलिमीटरचा कॅमेरा आला. चित्रणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. टीकाकार काय म्हणतील हे मात्र ते ओळखून होते : तुम्ही मुद्दाम रडकं मूल निवडलंत, मुद्दाम रडण्याचेच क्षण टिपलेत. म्हणून दाखल होणाऱ्या मुलांच्या यादीतून मूल चिठ्ठी टाकल्यासारखं निवडलं, आणि रोज ठरलेल्या वेळीच चित्रण केलं. वेळ खोटी नाही हे कळावं म्हणून भिंतीवरचं घड्याळ चौकटीत ठेवलं.

नावावर बोट पडलं ते लॉरा या मुलीच्या. वय दोन वर्षं पाच महिने, बेंबीचा हर्निया, आठ दिवसांचा मुक्काम. योगायोग असा की लॉरा विलक्षण संयमी निघाली. ती फारशी रडतच नाही, आणि म्हणूनच तो चित्रपट बघवत नाही. ती टेडी आणि एक चिंधीसारखी दुलई छातीशी धरून बसते. मधूनच, अगदी सहज विचारल्यासारखं, आई कुठे आहे असं विचारते. ओठ थरथरतात, ती ते आवरते. आई भेटायला येते तेव्हा ती मान फिरवते, आणि दर भेटीत तिला परत जवळ यायला जास्त वेळ लागतो. काही महिन्यांनी घरी तिच्या नजरेस या चित्रपटाचा काही भाग पडला, तेव्हा तिने आईकडे वळून रागाने विचारलं की तू तेव्हा होतीस तरी कुठे. मग ती वडिलांच्या कुशीत शिरली.

नोव्हेंबर 1952 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये सुमारे 300 डॉक्टर-परिचारिकांपुढे हा चित्रपट दाखवला गेला. दिवे लागले आणि सभागृह संतापलं. ही मुलगी अपवादात्मक आहे, आमच्या वॉर्डात असं होत नाही, तुम्ही एका सेवाभावी पेशाची बदनामी केलीत, चित्रपट मागे घ्या. बोल्बी आणि रॉबर्टसन यांनी काही काळ तो फक्त वैद्यकीय वर्तुळातच दाखवायचं ठरवलं. पालकांनी पाहिला तर घबराट होईल अशी भीती होती.

त्या संतापलेल्यांत डर्मॉड मॅकार्थी हे बालरोगतज्ज्ञ होते. लंडनच्या वायव्येला ॲमरशॅमच्या रुग्णालयात त्यांचा वॉर्ड होता. रॉबर्टसन यांच्यावर त्यांनीही राग काढला. मग ते आपल्या वॉर्डात परतले, आणि पुढे त्यांनीच कबूल केलं की मुलांचं रडणं आपण त्या दिवसानंतर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं ऐकलं. वर्षानुवर्षं राउंड घेणाऱ्या चांगल्या डॉक्टरनं हे म्हणावं, याची किंमत मोठी आहे. वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर आयव्ही मॉरिस यांच्या साथीनं त्यांनी आयांना मुलांबरोबर राहायला बोलावलं. 1958 मध्ये रॉबर्टसन कॅमेरा घेऊन तिथेच गेले. यावेळी विषय होता 20 महिन्यांची मुलगी आणि तिच्याजवळ दिवसरात्र असलेली आई. ती मुलगी दुखलं की रडते, आईला बिलगते आणि थोड्या वेळानं खेळायला लागते. एवढंच घडतं.

सरकारनं 1956 मध्ये सर हॅरी प्लॅट या अस्थिशल्यविशारदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1959 च्या अहवालात 55 शिफारशी होत्या, त्यांत दोन कळीच्या : पालकांच्या भेटीवर वेळेचं बंधन नको, आणि लहान मुलांच्या, विशेषतः पाच वर्षांखालच्या, आईला रुग्णालयात राहण्याची सोय हवी. अहवाल उत्तम होता आणि बहुतेक ठिकाणी तो कपाटात गेला. 1961 मध्ये रॉबर्टसन यांनी बीबीसीवर आपल्या चित्रपटांतले भाग दाखवले आणि पालकांना थेट सांगितलं की आता तुम्हीच मागा. लंडनच्या बॅटर्सी भागातल्या काही आया एकत्र आल्या आणि त्यातून एक देशव्यापी संघटना उभी राहिली. स्थानिक रुग्णालयांत खरोखर काय चालतं हे या बाया स्वतः जाऊन विचारत. दार उघडलं ते अशा हेलपाट्यांनी.

वॉर्डाचं दार उघडलं. आणखी एक मात्र बंदच राहिलं. अपघात झालेलं, बुडालेलं, झटके येणारं किंवा श्वास थांबलेलं मूल आणीबाणीच्या खोलीत नेलं की कुणीतरी आईच्या खांद्याला धरून तिला बाहेर काढी. इथे जुनं कारण चालत नव्हतं, म्हणून नवी कारणं आली. आई चक्कर येऊन पडेल आणि आम्हाला दोन रुग्ण होतील. ती मध्ये येईल. डॉक्टरांचे हात थरथरतील. काही चुकलं तर ती कोर्टात जाईल. आणि सगळ्यात मनापासूनचं कारण : छातीवर दाब देणं, घशात नळी घालणं, शीर सापडली नाही तर नडगीच्या हाडात सुई घालणं, हे कोणत्याही आईनं बघू नये, ते दृश्य तिला जन्मभर सोडणार नाही.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावात फूट हॉस्पिटल होतं. 1982 मध्ये तिथे दोन घटना घडल्या. एक नातेवाईक रुग्णाबरोबर रुग्णवाहिकेतून आला आणि बाजूला व्हायला तयारच झाला नाही. दुसऱ्या वेळी गोळी लागलेल्या पोलिसाच्या बायकोनं आत येऊ द्या म्हणून विनवणी केली. दोघांना आत घेतलं गेलं. आभाळ कोसळलं नाही. तिथले धर्मगुरू हँक पोस्ट आणि आणीबाणी विभागातल्या लोकांनी एक साधी गोष्ट केली. नुकतंच माणूस गमावलेल्या 18 कुटुंबांना विचारलं की त्या वेळी आत राहायला आवडलं असतं का. 13 जणांनी होकार दिला.

मग त्यांनी रीतच बसवली. नातेवाईक एकटा आत येत नसे. त्याच्याबरोबर धर्मगुरू किंवा परिचारिका असे आणि तिचं काम तेवढंच. आत काय दिसेल हे ती आधी सांगे, चाललेलं समजावून देई, हात धरायला जागा करून देई आणि त्याला सोसवेनासं झालं तर बाहेर घेऊन जाई. 1987 मध्ये त्यांनी अनुभव प्रसिद्ध केला. उत्तर देणाऱ्या 47 नातेवाइकांपैकी 94 टक्के म्हणाले की पुन्हा वेळ आली तर पुन्हा आत थांबू. 76 टक्क्यांना वाटलं की त्यामुळे मृत्यू स्वीकारणं सोपं गेलं. हे रुग्ण बहुतेक प्रौढ होते आणि एका गावातला अनुभव हा पुरावा म्हणून तोकडाच. पण दार उघडून पाहिलं आणि पाहिलेलं लिहून ठेवलं, हा त्याचा मोठेपणा. 1993 मध्ये आणीबाणी विभागातल्या परिचारिकांच्या अमेरिकी संघटनेनं नातेवाइकांना आत थांबण्याचा पर्याय द्यावा असा ठराव केला. यातही परिचारिका डॉक्टरांच्या पुढे होत्या.

पुढची परीक्षा इंग्लंडमध्ये, केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स हॉस्पिटलमध्ये झाली. काही रुग्णांच्या नातेवाइकांना आत थांबायला विचारायचं, काहींच्या बाबतीत नेहमीची रीत ठेवायची आणि नंतर दोघांच्या मनःस्थितीची तुलना करायची असा प्रयोग आखला होता. 25 रुग्णांनंतर तो थांबवावा लागला. बिघाड काही झाला नव्हता. आत थांबण्याचा फायदा होतो अशी तिथल्या कर्मचाऱ्यांची खात्रीच पटली होती, आणि आता कुणाला बाहेर ठेवायला त्यांचं मन धजेना. 1998 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. मोठा आकडा हवा असणाऱ्यांना तो 2013 मध्ये फ्रान्सनं दिला. घरी हृदय बंद पडलेल्या प्रौढांचे 570 नातेवाईक, रुग्णवाहिकांची 15 पथकं. ज्या गटात ‘थांबायचं आहे का’ असं ठरवून विचारलं, त्यात तीन महिन्यांनी आघाताची लक्षणं कमी आढळली. पथकावरचा ताण वाढला नाही, उपचारांत फरक पडला नाही, दावेही उभे राहिले नाहीत.

मुलांच्या बाबतीत मात्र एक विचित्र दरी दिसते. 1999 मध्ये अमेरिकेत 400 पालकांना विचारलं गेलं. मुलाची शीर टोचताना जवळ राहायचं का, यावर 97.5 टक्के हो म्हणाले. मूल वाचण्याची शक्यता कमी असेल तर? तरीही 83.4 टक्के हो. आत राहायचं की नाही हे एकट्या डॉक्टरनं ठरवावं, असं म्हणणारे 6.5 टक्केच. तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत डॉक्टर-परिचारिकांना विचारलं. प्रौढ रुग्णाच्या वेळी नातेवाईक नकोत म्हणणारे 78 टक्के. रुग्ण मूल असेल तर 85 टक्के. आईबापांची जवळ राहण्याची ओढ जिथे सर्वात तीव्र, तिथेच उपचार करणाऱ्यांचा विरोधही सर्वात तीव्र. मूल जाताना डॉक्टरही आतून हलतो आणि त्या वेळी त्याला कुणाची नजर नको असते. ही माणसाचीच गोष्ट आहे आणि तिला हसण्यासारखं काही नाही. पण तो त्याचा त्रास आहे. आईच्या हिताच्या नावावर तो मांडला जातो, तिथे माझा आक्षेप आहे.

भीती मोजून पाहण्याचं काम अमेरिकेतल्या युटा राज्यात झालं. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात जबर जखमी होऊन आलेल्या 700 हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. घरचं माणूस खोलीत असताना सीटी स्कॅनला पोहोचायला किती वेळ लागला आणि नसताना किती? सारखाच. हा निष्कर्ष 2009 चा. अमेरिकन हार्ट असोसिएशननं तर 2000 सालच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांतच नातेवाइकांना आत थांबण्याचा पर्याय द्यावा असं म्हटलं होतं. तरीही 2003 मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांनी केलेल्या पाहणीत याबद्दल लेखी धोरण असलेले विभाग निघाले फक्त 5 टक्के. बाकी सगळीकडे आई आत राहणार की बाहेर, हे त्या रात्री ड्यूटीवर कोण आहे यावर ठरत होतं.

आपल्याकडे हा इतिहास उलट्या बाजूनं वाचावा लागतो. महाराष्ट्रातल्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डातून आईला काढण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तिच्याशिवाय वॉर्ड चालणार नाही. दूध पाजणं, पुसून काढणं, सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारणं हे सगळं तीच करते. प्लॅट समितीला जे मागावं लागलं ते इथे टंचाईनं दिलं. त्याच आईला अतिदक्षता विभागाच्या दारात मात्र वॉचमन अडवतो, आणि कॅज्युअल्टीत मुलाचा श्वास अडला की पहिला हुकूम सुटतो तो नातेवाइकांनी बाहेर व्हा असा.

यामागे इथली खरी कारणं आहेत. जागा अरुंद असते आणि एका रुग्णामागे दहा माणसं येतात. डॉक्टरांवर हात उचलले जातात. ते इतकं वाढलं की महाराष्ट्राला 2010 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला दार बंद ठेवावंसं वाटतं यात नवल नाही. पण दहा जणांचा जमाव आणि एक आई यांत फरक करता येतो. तो करायला एक माणूस लागतो, फूट हॉस्पिटलनं नेमला तसा, आणि आपल्या कॅज्युअल्टीत नेमका तोच नसतो.

नवजात बाळांच्या बाबतीत ही वाट इथे थोडी चालून झाली आहे. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आईचं दूध हा नवजात विभागातला उपचार आहे, ही भूमिका त्यामागे होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 2017 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : आजारी नवजात बाळाच्या विभागात आईबापांना हात धुण्यापासून शिकवून काळजीत सामील करून घ्यावं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत 3,211 कमी वजनाच्या बाळांवर अभ्यास झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच त्याला आईच्या छातीशी ठेवायचं, आणि त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात घ्यायची. नेहमीच्या रीतीत 28 दिवसांत 15.7 टक्के बाळं दगावली, आईजवळ ठेवलेल्यांत 12 टक्के. हाही प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या शिफारशी बदलल्या. त्या पाचही ठिकाणी बांधकाम विभागाला बोलावून भिंती हलवाव्या लागल्या की नुसत्या खाटा, हा तपशील वेगळा; आईची खाट आता उपचाराच्या सामानात मोजली जाते.